ठेच लागली, की नुसतं खटकलं?

गणपती उठले की या सदराची पेटी भरते, दर वर्षीचंच आहे. यंदा तर एकट्या इंदूरहून इतकी पत्रं आलीत की बाकी गावच्या मंडळींना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार, रागावू नका. पत्रांचा सूर साधारण एकच, की मला ख्रिस्तात मोकळीक आहे की नाही, आणि आहे तर मग मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, बाकीच्यांच्या कपाळावर आठ्या का. मी पाळक (पाद्री) नाही हे नव्या वाचकांसाठी सांगून ठेवते, शाळेत मराठी नि इतिहास शिकवला, आता रिटायर होऊन घरी आहे, तेव्हा सांगते ते शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून आणि सगळा जन्म इंदुरात काढून. पटलं नाही तर जरूर भांडा, पण आधी सलाम करा मग भांडा.

प्रश्न: मावशी, सलाम. आम्ही सुदामा नगरला राहतो. माझं माहेर मंडळीतलंच, सासर मूळचं अहमदनगरकडचं पण तीन पिढ्या इंदुरातच गेल्या. शेजारच्या काकू दर चतुर्थीला उकडीचे मोदक पाठवतात. यंदा मी आणि मुलांनी खाल्ले, मुलीने फोटो काढला, तो मी स्टेटसला टाकला, ‘आमच्या काकूंचे मोदक’ म्हणून. एवढंच. तर महिला मंडळात एका बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, नैवेद्य खाल्लास का? मी म्हटलं हो, गूळ-खोबरंच तर आहे. तर म्हणाल्या, तू मला ठेच लावलीस. पुढच्या रविवारी बघते तर गाण्याच्या टीममधून माझं नाव गायब. सासूबाई स्वतः असलं खात नाहीत पण मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी चुकले का? आणि पुढच्या वर्षी डबा आला की काय करू, परत पाठवू? (एक सून, सुदामा नगर)

उत्तर: डबा परत पाठवू नकोस, हे आधी. मी पाठवलेला आहे, म्हणून सांगते.

अकरा-बारा वर्षांची असेन. आम्ही तेव्हा मिलच्या चाळीत राहायचो, समोरच्या घरी गणपती बसायचा. समोरच्या काकूंनी माझ्या हातात स्टीलचा डबा दिला, वर केळीच्या पानाचा तुकडा, आत पाच मोदक, वाफ अजून जिरलेली नव्हती आणि तुपाचा एक ओघळ डब्याच्या बाहेरून उतरून माझ्या अंगठ्याला लागला होता. आणि मी त्याच आठवड्यात शब्बाथशाळेत (चर्चच्या रविवारच्या शाळेत) दानीएलाची गोष्ट ऐकून आलेली, राजाच्या ताटातलं नको म्हणणाऱ्याची. मग काय विचारता. दारातच उभी राहून ठसक्यात म्हटलं, आम्ही तुमच्या देवाचं खात नाही, आणि डबा त्यांच्या हातात परत. काकूंचा चेहरा असा उतरला की आज इतकी वर्षं झाली तरी मोदक बघितला की आधी तो चेहरा आठवतो. मला वाटलं आई शाबासकी देईल. आईने सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला होता तो सोडून नीट केला आणि तडक समोर गेली, त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि म्हणाली, पोरीचं तोंड फाटकं आहे त्याची माफी मागते, पण देवापुढे ठेवलेलं आम्ही खात नाही ही गोष्ट खरी आहे, तुमच्या हातचं बाकी काहीही द्या, मिटक्या मारत खाऊ. काकू म्हणाल्या, अहो एवढंच ना, मग सांगायचं की! पुढच्या वर्षीपासून नैवेद्य दाखवायच्या आधीच आमचे पाच बाजूला निघायचे आणि डबा देताना काकू ओरडून सांगायच्या, ‘आधीचे आहेत हो!’ सगळ्या चाळीला ऐकू जायचं. नाताळात आमच्याकडून त्यांना केक नाही जायचा, करंज्या जायच्या, आणि यात अंडं नाही हे आईही तेवढ्याच मोठ्याने ओरडून सांगायची.

तर माझी आई खायची नाही आणि तू खातेस. शास्त्रात दोघींना जागा आहे का? माझ्या मते आहे. प्रेषित पौलाने, येशूच्या त्या सुरुवातीच्या प्रचारकाने, करिंथकरांस पहिलं पत्र लिहिलं ते साधारण इसवी सन ५४-५५ च्या सुमाराला, आणि तिथला वाद हाच होता, आपल्या मराठी शास्त्रात तर आठव्या अध्यायाला शब्दच नैवेद्य आहे बघ. करिंथ म्हणजे बंदराचं गाव, गल्लोगल्ली देवळं, तिथे बळी दिलेल्या जनावरांचं मांस पुढे बाजारात विकायला यायचं, म्हणजे तू आपली पिशवी घेऊन गेलीस आणि शेरभर मांस आणलंस तर ते देवळातून आलं की सरळ कसायाकडून हे कळायला मार्ग नाही. पौल म्हणतो बाजारातलं घ्या नि खा, चौकश्या करत बसू नका. कुणी विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं तर जा, पुढ्यात येईल ते खा. पण देवळाच्या पंगतीत बसायचं, त्या पूजेचा भाग व्हायचं आणि रविवारी प्रभुभोजनालाही (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) हात पुढे करायचा, हे नाही चालायचं, तिथे तो सरळ नाही म्हणतो. आणि याच पत्राच्या दहाव्या अध्यायात एक गोष्ट मध्येच येऊन जाते ती आपण कायम विसरतो, की जेवताना कुणी सांगितलं हे देवाला वाहिलेलं आहे तर खाऊ नका, आणि ते तुमच्या मनासाठी नाही, सांगणाऱ्याच्या मनासाठी.

काकूंचा डबा यात कुठे बसतो ते तूच बघ. पूजा नाही, पंगत नाही, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाईची माया आहे. उद्या त्याच काकू म्हणाल्या की प्रसाद आहे, हात जोडून घे, तर मामला बदलला, मग माझ्या आईसारखं पाटावर बसून नीट सांगायचं.

पण मंडळातल्या त्या बाईंच्या हातातही वचन आहे हां, त्यांना अगदीच अडाणी समजू नकोस. प्रेषितांची कृत्ये अध्याय १५ मध्ये यरुशलेमच्या सभेने यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहून पाठवलंय की मूर्तीला वाहिलेल्या पदार्थांपासून दूर राहा. मी ते असं वाचते की गावोगावी यहूदी आहेत, त्यांच्याबरोबर एका मेजावर बसायचं आहे, तर त्यांना ज्याची शिसारी येते ते ताटात नको. त्या बाई वेगळं वाचत असतील. चांगली शास्त्र जाणणारी माणसं यावर वेगवेगळी वाचतात.

माझी खरी तक्रार आहे ती ‘ठेच’ या शब्दावर. मंडळीत हा शब्द आता इतका स्वस्त झालाय की कुणाला पंजाबी ड्रेस आवडला नाही तरी ठेच, उपासना दहा मिनिटं लांबली तरी ठेच. पौलाची ठेच कुणाला लागते ते आठव्या अध्यायातच आहे. कालपर्यंत त्याच मूर्तीला हात जोडणारा माणूस, नवीनच विश्वासात आलेला, त्याच्या मनाला ते अन्न अजून त्या देवाचंच वाटतं. तो तुला खाताना बघतो, ही एवढी जुनी विश्वासी खाते मग मीही खावं म्हणून खातो, आतून मन नको नको म्हणत असताना खातो, आणि तिथून त्याचं घसरणं सुरू होतं. म्हणजे ठेच लागणारा हा तुझ्या पावलावर पाऊल ठेवून मागे चालत असतो, म्हणून पडतो. आता मला सांग, त्या बाई तुझं स्टेटस बघून मोदक खायला धावणार होत्या का? जन्मात नाही. मग त्यांना ठेच नाही लागली ग, त्यांना खटकलं. खटकलं असेल तर घरी यावं, चहा घ्यावा, समोर बसून बोलावं. पण ज्याला खटकलं त्याच्या हातात टीमची यादी द्यायची म्हटलं तर ज्याचं नाक सगळ्यात आधी मुरडतं त्याचंच मंडळीत राज्य, आणि तसं राज्य मी एके ठिकाणी बघितलेलं आहे, गाणाऱ्या सगळ्या पोरी निघून गेल्या आणि मागे राहिली ती फक्त यादी.

आता तुझ्याकडे वळते. मोदक खाल्लास त्याबद्दल मी काही म्हणत नाही, पण स्टेटसला कशाला टाकलास? तुझ्या मंडळात हल्ली एक-दोन वर्षांत आलेल्या बायका असतील की नाही, ज्यांनी घरचा गणपती सोडलाय, ज्यांच्या सासरी अजून त्यावरून रोज भांडी आपटतात. त्यांनी बघितला असेल ना तो फोटो. त्या तुला काही विचारणार नाहीत. ज्याला खरंच ठेच लागते तो बहुतेक वेळा गप्प असतो, ओरडतात ते दुसरेच. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात पौल म्हणतो की तुझा जो विश्वास आहे तो देवासमोर तुझ्यापाशीच असू दे. त्याच्या वेळी स्टेटस नव्हतं पण माणसं हीच होती.

आणि त्या न बोलणाऱ्या सासूबाई, त्यांच्याजवळ जाऊन बस एकदा. त्यांना विचार, तुम्ही का नाही खात. पाठ म्हणून नको विचारू, गोष्ट म्हणून विचार, बघ काय काय निघतं. टीमचं म्हणशील तर पाळकसाहेबांना जाऊन भेट, नवऱ्याला बरोबर घेऊन, आणि एवढंच विचार की नाव काढायच्या आधी मला कुणी विचारलं का नाही. ग्रुपवर उत्तर लिहू नकोस, मी एकदा लिहिलं होतं, ते चार महिने पुरलं.

प्रश्न: ताई, आमच्याकडे आजीच्या वेळेपासून नाताळला घरी वाईन होते, काळी द्राक्षं, साखर, यीस्ट, मूठभर गहू, चिनी मातीच्या बरणीत फडकं बांधून. बाहेरची दारू आम्ही घरात आणत नाही, ही वर्षातून एकदा, छोट्या ग्लासात, केकबरोबर. यंदा प्रार्थना ग्रुपचं नाताळचं जेवण आमच्याकडे आहे. ग्रुपमधल्या एका दादाला दारू सोडून दीड वर्ष झालं. बायको म्हणते वाईन ठेवायचीच नाही. मी म्हणतो त्याच्यासाठी ज्यूस वेगळा ठेवू, एका माणसासाठी सगळ्यांनी का सोडायचं? स्वतः प्रभूने काना गावात पाण्याचा द्राक्षारस केला! (विजय नगर)

उत्तर: बायको बरोबर आहे. खरं म्हणजे इथेच उत्तर संपतं, पण तुम्ही काना गाव काढलंत म्हणून थोडं पुढे.

वाईन पिणं पाप आहे असं मी म्हणणार नाही, शास्त्र झिंगण्याला नाही म्हणतं, आणि तीमथ्याला तर पौलाने पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून चिठ्ठीच लिहिली आहे. आपल्यातल्या पुष्कळ घरांत थेंबही चालत नाही, त्याला एक कारण मिशनऱ्यांच्या वेळची दारूबंदीची चळवळ आणि दुसरं त्याहून मोठं कारण म्हणजे मिलच्या पगाराच्या दिवशी काय व्हायचं ते आपल्या आज्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. ज्या बाईने तो पगार बाटलीत जाताना बघितला तिला काना गाव सांगायला मी तरी जाणार नाही.

पण वरच्या पत्राला मी जे म्हटलं त्याची उलटी बाजू म्हणजे तुमचं पत्र. इथे ठेच खरी आहे. हा दादा खटकून नाक मुरडणारा नाही, तो तुमच्या मागे चालतोय, दीड वर्ष एकेक दिवस मोजत. त्याच्यासाठी एक छोटा ग्लास हा छोटा नसतो. आणि वेगळ्या ज्यूसचं म्हणता, तर डोळ्यांसमोर आणा जरा, ट्रेमध्ये अकरा ग्लास लाल आणि एक पिवळा, आणि ट्रे फिरत फिरत त्याच्यापाशी आला की सगळी खोली एकदम दुसरीकडे बघायला लागते. हे म्हणजे त्याच्या गळ्यात पाटी बांधणं झालं. शिवाय बरणीचं फडकं सोडलं की घरभर वास सुटतो, तो वास ज्यूस पिणाऱ्यालाही येतो.

रोमकरांस १४ मध्ये मांसाबरोबर द्राक्षारसाचंही नाव आहे, ज्याने भाऊ अडखळतो ते न पिणं बरं. एका माणसासाठी सगळ्यांनी सोडायचं का असं विचारता, तर हो, एकासाठीच. आणि कायमची नाही सोडायची, एका संध्याकाळची. बरणी शेजारी ठेवून या, सगळ्यांना कोकम सरबत द्या, आणि महत्त्वाचं म्हणजे ‘दादा, खास तुमच्यामुळे हं यंदा वाईन नाही’ असं म्हणू नका, नाहीतर होतं नव्हतं ते सगळं पाण्यात. नव्या वर्षाला भावाबरोबर उघडा तीच बरणी.

याच विषयावर एका वडीलधाऱ्यांनी लिहिलंय की मंडळीने ठरावच करावा, कुणाच्याही घरी वाईन नको. नको भाऊ. प्रेमाने सोडायची गोष्ट ठरावात घातली की प्रेम जातं आणि मागे राहतात ते स्वयंपाकघरात डोकावणारे.

प्रश्न: मी २४ वर्षांची, तिलक नगर. घरचे सगळे जुन्या मंडळीतले. मी दोन वर्षांपासून एका नवीन फेलोशिपला जाते, तिथे मला प्रार्थना करायला खरंच शिकायला मिळालं. पण तिथे सांगतात की टिकली, बांगड्या, मंगळसूत्र हे सगळं अन्यधर्मी आहे, जी घालते तिचं तारण (पापातून सुटका) झालेलंच नाही. माझं लग्न ठरलंय. मुलाच्या आईने क्रूस असलेलं मंगळसूत्र करून ठेवलंय. मला टिकली आवडायची पण आता लावायला गेलं की भीती वाटते, हात थांबतो. काय करू?

उत्तर: बाळा, तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकात एक गुंतल्यात, त्या आधी सोडवून घेऊ.

पहिली, तुझी भीती. हात थांबत असेल तर सध्या लावू नकोस टिकली. माझ्या मते टिकलीत काही नाही, मी स्वतः लावते, मरून रंगाची, पण माझ्या मतावर तू लावू नकोस. ज्याबद्दल मनात शंका आहे ते करणं हेच पौलाच्या हिशेबाने चूक, मग ती वस्तू कितीही निरुपद्रवी असो. मन शांत होईपर्यंत थांब. टिकलीवाचून कुणाचं अडलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ते ‘तारण झालेलंच नाही’. इथे मात्र मी मऊ बोलणार नाही. पौलाचे दोन जोडीदार आठव, तीमथ्य आणि तीत. तीमथ्याची आई यहूदी, बाप ग्रीक, तर त्या भागातल्या यहुद्यांमध्ये काम करायचं म्हणून पौलाने त्याची सुंता केली. आणि तीत ग्रीक, तो यरुशलेमला बरोबर गेला, तिथे काही जण हट्ट धरून बसले की याची सुंता झालीच पाहिजे, तर पौल क्षणभरही वाकला नाही. माणूस तोच, विधी तोच, मग एकदा हो आणि एकदा नाही का? कारण तीमथ्याच्या वेळी ती लोकांसाठी केलेली सोय होती, तीताच्या वेळी ती तारणाची अट होऊ बघत होती. पुढे अंत्युखियात पेत्र यहुद्यांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या (यहूदी नसलेल्यांच्या) पंगतीतून उठला तेव्हा पौलाने त्याला, येशूच्या थोरल्या शिष्याला, प्रत्यक्ष पेत्राला, सगळ्यांदेखत सुनावलं, गलतीकरांस दुसऱ्या अध्यायात आहे. तेव्हा तुझ्या फेलोशिपमधल्या ताई भक्ती म्हणून टिकली सोडत असतील तर मी त्यांना मानते, खरंच मानते. पण जी लावते तिचं तारण नाही असं म्हटलं की ती टिकली राहिली नाही, ती सुंता झाली.

आणि आपल्याच घरातलं एक उदाहरण. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजला झाला. तिथल्या सिस्टर्सनी त्यांना प्रेमाने ठेवलं होतं, पण रमाबाई मांस-अंडी खायला तयार नव्हत्या, आणि सिस्टरला वाटायचं हा ब्राह्मणी ताठा अजून गेला नाही. रमाबाईंनी पत्रातून उलट विचारलं की एखादी इंग्रज बाई आमच्यात येऊन राहिली आणि कुणाला त्रास न होणाऱ्या आपल्या सवयी तिने सोडल्या नाहीत तर तिला गर्विष्ठ म्हणाल का? क्रूसावरची अक्षरं लॅटिन कशाला, संस्कृत का नकोत, यावरही त्यांचं वाजलं होतं. पुढे याच बाईने केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ भाषांवरून सगळं शास्त्र मराठीत आणलं. त्यांच्या ताटात अंडं नव्हतं म्हणून त्यांच्या तारणात काही कमी पडलं असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

मंगळसूत्राचं तर सोपं आहे. त्यात क्रूस आहे, आणि एका बाईने सुनेसाठी ते हौसेने करून ठेवलंय. तिच्याकडे जा, काळ्या मण्यांबद्दल तुझ्या मनात काय आहे ते सांग, कदाचित ती नुसत्या सोन्याच्या साखळीत तो क्रूस ओवून देईल, कदाचित तिच्याशी बोलता बोलता तुझीच भीती जाईल. फेलोशिप सोड असं मी म्हणणार नाही, तिथे तू प्रार्थना शिकलीस. पण लीडरताईंना तीताबद्दल विचार एकदा, शांतपणे, आणि त्या काय म्हणतात ते मला कळव.

प्रश्न: मावशी, एकच लाइन. रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगाच्या मिरवणुकीत) जायचं की नाही? मंडळीतले अर्धे लोक नाही म्हणतात. कॉलेजचा पूर्ण ग्रुप राजवाड्याला जातो, मी एकटा घरी बसतो भिया! (१९ वर्षे)

उत्तर: भिया, राजवाड्यावर टँकरमधून रंग उडतो त्यात मला तरी कुठली पूजा दिसत नाही, माझ्या भावांनी तरुणपणी एक गेर चुकवली नाही आणि पुढे दोघेही मंडळीचे खजिनदार झाले. भांग नको, पोरींच्या अंगचटीला जाणं नको, आणि ग्रुपपैकी कुणी त्या वाटेला लागला तर त्याला ओढून पोहे-जिलेबी खायला घेऊन ये. घरी मात्र खरं सांगून जा, ट्यूशनला जातो म्हणून नको, परत येशील तेव्हा कानात हिरवा रंग असणारच आहे.

प्रश्न: आदरणीय ताई, वय ७१. थोरल्या मुलाला सात वर्षांनी बाळ झालं, येत्या महिन्यात मंडळीत बाप्तिस्मा आहे. धाकटी सून बॅप्टिस्ट घरातली, समजत्या वयात पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलेली, ती म्हणते बाळाचा बाप्तिस्मा मला मान्य नाही, मी चर्चमध्ये येणार नाही. थोरला म्हणतो येणार नसेल तर पुन्हा घरातही येऊ नकोस. एरवी ही मुलगी गुणी आहे, बाळाची सगळी झबली तिनेच शिवलीत. मी काय करावं?

उत्तर: भाऊ, हा मोदकाएवढा लहान प्रश्न नाही, मोठमोठ्या माणसांना तो सुटलेला नाही, तेव्हा तुमच्या दिवाणखान्यात सुटेल अशी आशा धरू नका. उत्तर भारतातल्या मंडळ्या एक व्हायची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली ती २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपूरला. म्हणजे ४१ वर्षं. त्यात अँग्लिकन आले, प्रेस्बिटेरियन परंपरेचे आले, जे बाळांचा बाप्तिस्मा करतात, आणि बॅप्टिस्ट नि ब्रदरेनही आले, जे समजत्या माणसाचाच करतात. एकाने दुसऱ्याला हरवलं नाही, दोन्ही रीती ठेवल्या आणि एका मेजावर प्रभुभोजन घ्यायचं ठरवलं. कुरबुरी आजही चालतात, पण एका छपराखाली.

तेव्हा थोरल्याला आधी बाजूला घ्या. घरात येऊ नकोस हे वाक्य त्याचं त्याला मागे घ्यायला लावा, तुम्ही बाप आहात, हे तुम्हीच करू शकता. सुनेवर येण्याची सक्ती नको. ती विधीच्या वेळी बाहेर व्हरांड्यात उभी राहिली तर राहू द्या, गाण्याला आत येऊन बसली तर शेजारी जागा ठेवा, आणि तिचा चेहरा वाचत बसायची कामगिरी कुठल्या आत्याबाईला देऊ नका. तिलाही एक सांगा, की तिच्या मनाला पटत नाही हे तिने सांगितलं, घरच्यांनी ऐकलं, आता जमलेल्या पाहुण्यांना ते पुन्हा समजावून सांगायची गरज नाही.

आणि बाळाला त्या दिवशी जे पांढरं झबलं घालाल ते बाजारातून आणू नका. तिला विचारा शिवशील का. नाही म्हणाली तर तिने आधी शिवलेल्यांतलंच धुऊन, इस्त्री करून घाला.